पायी वाचायची कादंबरी

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ 1955 साली आली, तेव्हा लेखक अवघ्या अठ्ठावीस वर्षांचा होता. तेव्हापासून तिला ग्रामीण म्हणून झालं, प्रादेशिक म्हणून झालं, दुष्काळाची कादंबरी म्हणून झालं. तिला एक नायक नाही, अख्खी वाडीच नायक आहे, हेही परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतून लिहून लिहून गुळगुळीत झालं. यातलं काहीच खोटं नाही. पण वडूजला राहून ही कादंबरी वाचणाऱ्याला आधी दिसते ती तिच्यातली वाट. या पुस्तकात कोणी ना कोणी सतत चालत असतं. मास्तर येतो तो चालत, सुट्टीला घरी जातो तो चालत, मेंढरं सकाळी पांगतात, संध्याकाळी परततात, आणि शेवटी अख्खं गाव उठून चालायला लागतं. रोजच्या जगण्याची ही कादंबरी मला प्रवासाची कादंबरी वाटते ती यामुळे.

वडूज आणि बनगरवाडी यांच्यात अंतर फार नाही. वडूजच्या स्टँडवरून पूर्वेला निघालं की दहिवडी लागतं, मग गोंदवलेकर महाराजांचं गोंदवलं, मग सिद्धनाथाचं म्हसवड, पुढे दिघंची, आणि मग आटपाडी. माडगूळकरांचं माडगुळं आटपाडी तालुक्यातलं, आणि ज्या लेंगरवाडीवरून बनगरवाडी उभी केली असं त्या भागात सांगतात, तीही तिकडचीच. आता जिल्हा बदलतो, सातारा संपून सांगली लागतो. माती मात्र बदलत नाही. तीच मुरमाड माळरानं, तीच बाभळ आणि बोर, तेच उघडे डोंगर. महादेवाच्या डोंगररांगांच्या पायथ्याचा हा सगळा टापू पर्जन्यछायेचा. वर्षाला साधारण पाचशे मिलिमीटर पाऊस, तोही पडला तर. साताऱ्याच्या पश्चिमेला महाबळेश्वर आहे आणि पूर्वेला आम्ही आहोत. एका जिल्ह्यात असा दुजाभाव निसर्गाने दुसरीकडे क्वचितच केला असेल. वडूजला येरळा आहे, पण नदी म्हणून तिची ओळख बाहेरच्या पाहुण्याला करून द्यायची तर उन्हाळ्यात जरा अवघडच जातं.

पुस्तक उघडतं ते या माळरानातल्या वाटेवर. राजाराम विठ्ठल सौंदणीकर हा पोरसवदा मास्तर पहिल्या नेमणुकीच्या गावी निघाला आहे. एकटा, पायी, गाठीला थोडंसं सामान. लेखकाने इथे मोठी गंमत केली आहे. नवशिका कादंबरीकार असता तर आधी गावाचं वर्णन आलं असतं: इतकी घरं, इतकी माणसं, देऊळ इकडे, विहीर तिकडे. माडगूळकर तसं करत नाहीत. ते आपल्याला मास्तराच्या मागे चालायला लावतात. त्याला जेवढं दिसतं तेवढंच आपल्याला दिसतं, आणि ज्या क्रमाने दिसतं त्याच क्रमाने. लांबून आधी ठिपका, मग झाडं, मग घरांची धाब्याची माथी, मग कुत्री, मग माणसं. माळावर चालणाऱ्याला गाव असंच भेटतं. मोटारीतून जाणाऱ्याला ते एकदम अंगावर येतं आणि तितक्याच एकदम मागे पडतं; आज आमच्याकडच्या निम्म्या वाड्या लोकांना माहीत आहेत त्या फाट्यावरच्या पाटीपुरत्या.

या चालण्यानेच पुस्तकाची भाषाही ठरवली आहे. वाक्यं आखूड, एका दमात संपणारी. निवेदन साध्या, स्वच्छ मराठीत, आणि संवाद थेट माणदेशी. हे दोन्ही शेजारी शेजारी ठेवून कुठे सांधा दिसू न देणं फार अवघड असतं. त्यांच्यानंतरच्या कित्येकांनी अख्खं निवेदन बोलीत करून पाहिलं, ते कधी जमलं, कधी नुसता नाद उरला. माडगूळकरांचा मास्तर चार बुकं शिकलेला आहे, म्हणून तो प्रमाण मराठीत विचार करतो. पण तो त्याच मातीतला आहे, म्हणून त्या मराठीत घोंगडी, वाघूर, कोकरू, औत, बलुतं हे शब्द अवतरणचिन्हांच्या मखरात न बसता येतात. कुठल्याही शब्दाचा अर्थ सांगायला लेखक थांबत नाही. पुण्या-मुंबईच्या वाचकाची त्याला फिकीर नाही असं नव्हे. पुढच्या दोन वाक्यांत अर्थ आपोआप कळेल, एवढा त्याचा स्वतःवर विश्वास आहे.

माडगूळकरांचा चित्रकाराचा हात इथे कामाला आलाय. ते स्वतः उत्तम रेखाटनं करत. रेखाटन करणाऱ्याला काय काढायचं याहून काय सोडायचं हे आधी ठरवावं लागतं. ‘बनगरवाडी’तली माणसं अशीच दोन-चार रेघांत उभी राहतात. कारभारी म्हणजे वाडीचा वडीलधारा, वयाने आणि शब्दाने. आनंदा रामोशी परंपरेने चोर आणि स्वभावाने सरळ. आयबू हा कुणाचाच नसलेला आणि म्हणून सगळ्या वाडीचा. दादू बालट्या सदानकदा तिरका. यातल्या कुणाचंही पूर्वचरित्र लेखक सांगत बसत नाही. 1949 साली, म्हणजे बाविसाव्या वर्षी, ‘माणदेशी माणसं’मध्ये त्यांनी एकेका माणसाचं स्वतंत्र चित्र काढलं होतं. तिथे एक माणूस एका कागदावर होता. इथे तीच दृष्टी एका लांब पटावर आली आहे, आणि माणसं एकमेकांच्या वाटेत येऊ लागली आहेत. माझ्या मते माणूस म्हणून या पुस्तकात सगळ्यांत उत्तम उतरला आहे तो आनंदा. त्याच्याबद्दल लेखकाला दया नाही, कौतुकही नाही. तो चोरी करतो ही गोष्ट तो जेवतो या गोष्टीइतकीच सहज सांगितली जाते. इंग्रजांनी कायद्याने ज्या जमातीवर गुन्हेगारीचा शिक्का मारला, तिच्यातल्या एका माणसाला इतक्या मोकळेपणाने कथेत आणून बसवणं, त्याची ना वकिली करणं ना झडती घेणं, हे 1955 च्या मराठीत सोपं नव्हतं.

मास्तर वाडीत पोचतो तेव्हा शाळा आहे आणि पोरं नाहीत. धनगराचं पोर शाळेत बसलं तर मेंढरामागे कोण जाणार, हा प्रश्न वाडी अगदी थंडपणे विचारते. त्यात शिक्षणाचा विरोध वगैरे काही नाही, हिशेब आहे. हळूहळू मास्तराच्या ध्यानात येतं की वाडीला गुरुजीपेक्षा लिहिता-वाचता येणारा माणूस हवाय. कुणाला पत्र लिहून हवं, कुणाचा कागद वाचून हवा, कुणाला तालुक्याच्या गावाहून काही आणून हवं. बाहेरच्या जगाकडे जाणारी वाडीची सगळी कामं या पोरगेल्या मास्तराच्या हातून होऊ लागतात. मला हा भाग फार आवडतो, कारण इथे कथा अशी काही घडतच नाही आणि तरी गाव आपल्या अंगवळणी पडत जातं. शाळा पोरांनी भरते ती नंतर. आधी मास्तर वाडीच्या उपयोगी पडतो, मग वाडी त्याला पोरं देते.

पण याच उपयोगी पडण्यात गोवलं जाण्याचीही वाट आहे. कारभाऱ्याची मुलगी अंजी मास्तराकडून चोळी शिवून मागवते. मागणाऱ्याच्या मनात काही नाही, आणणाऱ्याच्याही नाही. पण तरण्या मास्तराने तरण्या पोरीला चोळी आणून द्यायची, म्हणजे वाडीला बोलायला विषय मिळाला. कारभारी दुखावतो, बोलणं तुटतं. हा प्रसंग दुसऱ्या कुणी लिहिला असता तर त्याची प्रेमकथा तरी झाली असती, नाहीतर पंचायतीचा मोठा देखावा. माडगूळकर दोन्ही टाळतात. गैरसमज वाढतो आणि काळाने विरतो, खेड्यात विरतो तसा, कुणी कुणाची माफी न मागता. तरीही एक तक्रार नोंदवायला हवी. अंजी आपल्याला नीट भेटायच्या आतच पुस्तकातून नाहीशी होते. तिच्या बाजूने ही चोळीची गोष्ट काय होती, याचा अंदाजही लेखक करू देत नाही. मास्तराच्या डोळ्यांनीच सगळं बघायचं ठरवल्यावर हे होणारच, हे कबूल. पण पुरुषाच्या बाबतीत हाच मास्तर फार तीक्ष्ण नजरेचा आहे, आणि बायकांच्या बाबतीत तो नजर वळवून घेतो. ‘बनगरवाडी’तल्या बायका बहुतेक दारात उभ्या आहेत.

बहुतेक म्हणालो ते शेकूच्या बायकोसाठी. शेकूला एकच बैल उरलाय. पेरणी तर डोक्यावर आलेली. आमच्याकडे एका बैलाचा शेतकरी दुसऱ्या एका बैलाच्या शेतकऱ्याशी सावड करतो, एक दिवस तुझं, एक दिवस माझं. शेकूचं तेही जमत नाही. मग त्याची बायको बैलाच्या जोडीला स्वतः जुवाखाली मान देते. मराठीत दारिद्र्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय, पण अशा प्रसंगाला साधारणपणे जो गहिवर येतो त्याचा इथे टिपूसही नाही. कुणी डोळे पुसत नाही, मास्तर मनातल्या मनात भाषण करत नाही. एक धडधाकट बाई, एक बैल, एक औत, आणि पडलेला पाऊस वाया जाऊ नये ही घाई. लेखकाने ही घाई ओळखली आहे म्हणून प्रसंग खरा झाला. पावसाच्या प्रदेशातल्या माणसाला वाटेल की चार दिवस थांबली असती. खटाव-माणात वाफसा चार दिवस थांबत नाही. ओल उडाली की बियाणंही गेलं आणि वर्षही गेलं. त्या बाईने मान दिली ती नवऱ्याला नव्हे, मृगाला. आणि लेखकाने तिला वीरांगना केली नाही, हा तिचा मोठा सन्मान आहे.

वाडीच्या कथेत मधे एक उंचवटा येतो तो तालमीचा. मास्तराच्या डोक्यात तालीम बांधायची कल्पना येते आणि वाडी अंगमेहनतीने ती उभी करते. कुणी दगड, कुणी लाकूड, कुणी नुसते हात. उद्घाटनाला खुद्द औंधचे राजेसाहेब येतात. आजच्या वाचकाला हे जरा परीकथेसारखं वाटण्याचा संभव आहे, म्हणून इथे थोडं इतिहासात शिरतो.

आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. संस्थान लहान आणि तुकड्या-तुकड्यांत विखुरलेलं. मधे ब्रिटिशांचा खालसा मुलूख. राजधानीचं औंध आज आमच्या खटाव तालुक्यात येतं, पण त्या काळी तालुक्याचं ठाणं असलेलं वडूज खालसा आणि जवळचं औंध संस्थानी, असा प्रकार होता. औंधचे भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (1868 ते 1951) हा अजब माणूस होता. ते चित्रं काढत, कीर्तन करत, भांडारकर संस्थेच्या महाभारताला त्यांनी हात दिला, औंधच्या टेकडीवर संग्रहालय उभारलं, आणि सूर्यनमस्कारांचं तर त्यांना वेडच होतं. संस्थानातल्या शाळांत ते सक्तीचे होते. किर्लोस्करवाडी वसली ती यांच्याच मुलुखात. 1939 साली गांधीजींच्या सल्ल्याने त्यांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती दिला आणि त्याच सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची बिनभिंतींची कैद्यांची वसाहत सुरू झाली. असा राजा धनगरवाड्यातल्या तालमीला पायधूळ झाडायला येणं अगदी त्याच्या स्वभावातलं. लेखकाने कल्पनेने राजा चांगला केलेला नाही. तो त्यांच्या लहानपणीचा राजा आहे.

आणि तरीही वडूजच्या वाचकाला इथे ठेच लागते. 9 सप्टेंबर 1942 ला वडूजच्या मामलेदार कचेरीवर मोर्चा आला, गोळीबार झाला, परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण पडले. गावात हुतात्मा स्मारक आहे आणि दर सप्टेंबरला तिथे माणसं जमतात. माडगूळकर बेचाळीसच्या चळवळीत स्वतः होते, शाळकरी वयात घर सोडून. मग ‘बनगरवाडी’त त्याची झुळूकही का नाही? याचं उत्तर मला कादंबरीतच दिसतं. बनगरवाडीपर्यंत बातमी पोचायलाही वाट लागते, आणि त्या वाटेने तेवढंच येतं जेवढं कुणीतरी पायी घेऊन येईल. वाडीच्या लेखी सरकार म्हणजे मास्तराचा पगार, शाळेचे साहेब आणि एकदा येऊन गेलेले राजेसाहेब. लेखकाला यापेक्षा पुष्कळ जास्त माहीत होतं, पण त्याने ते वाडीवर लादलं नाही. राजेसाहेबांच्या भेटीचा भाग मला तरी थोडा जास्त गोड वाटतो. पण वाडीच्या डोळ्यांनी बघायचं तर तो दिवस गोडच असणार.

त्यानंतर पुस्तक उतरणीला लागतं. कारभारी जातो. पाऊस येत नाही. मेंढरं वाळू लागतात, मरू लागतात. हा दुष्काळ वाचताना लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे त्याला कुठे सुरुवात नाही. अमुक दिवशी दुष्काळ पडला असं आमच्याकडे कधीच होत नाही. आज ढग आले होते, उद्या येतील. या नक्षत्राने दगा दिला, पुढचं देईल. असं करता करता एक दिवस विहिरीचा तळ दिसतो. माडगूळकर नेमके तसेच, न बोलता, पुस्तकातलं पाणी काढून घेत जातात. माणसांची बोलणी कमी होतात, वाक्यं आणखी आखूड होतात, शाळेतली पोरं एक-एक करून गळतात. मग कुटुंबं उठतात. मेंढरं, कुत्री, पोरंबाळं, घोड्यावर बिऱ्हाड. जिकडे पाणी असेल तिकडे.

याला आमच्याकडे ‘जगायला जाणं’ म्हणतात. बाहेरचा समीक्षक या शेवटाला शोकांत म्हणतो, आणि तो शोकांत आहेही. पण माणदेशात ‘जगायला गेले’ हे वाक्य कुणी गळा काढून म्हणत नाही, ते चौकशीचं उत्तर असतं. धनगर तर दसऱ्यानंतर मेंढरं घेऊन पश्चिमेला उतरतातच, आणि पावसाच्या सुमारास परत येतात. दुष्काळात ते लवकर जातात आणि कधी परततील ते सांगता येत नाही, एवढाच फरक. पुढे धनगरांच्या मागून बाकीचेही निघाले. मुंबईच्या गिरण्यांत साताऱ्याची किती माणसं होती ते सांगायला नको. खानापूर, आटपाडी, माण, खटावची गलाई कामगार माणसं सोनं-चांदी गाळण्याचं काम घेऊन केरळपासून काश्मीरपर्यंत गेली. आज आमच्याकडे लहानशा गावात अचानक दुमजली बंगला दिसतो, त्याला कुलूप असतं, आणि मालक तमिळनाडूतल्या नाहीतर बंगालमधल्या कुठल्याशा बाजारपेठेत भट्टीपुढे बसलेला असतो. यात्रेला येतो, पालखीला खांदा देतो, पोरांशी बोलताना मधेच तमिळ शब्द वापरतो, आणि जातो. ‘बनगरवाडी’च्या शेवटी जी माणसं माळ ओलांडून दिसेनाशी होतात, त्यांचं पुढे काय झालं याचं एक उत्तर वडूजच्या स्टँडवर यात्रेच्या दिवसांत बॅगा घेऊन उतरताना दिसतं.

मास्तर मात्र त्यांच्याबरोबर जात नाही. त्याला बदलीचा हुकूम येतो. संस्थानाच्या दप्तरी वाडीत पोरं नाहीत, म्हणजे शाळा नको. तो जसा आला तसा पायी निघतो. वाडीला त्याने शाळा दिली, तालीम दिली, जीव लावला, आणि तरी वाडी सोडून जाताना त्याच्याकडे नोकरी आहे, पगार आहे, पुढचं गाव आहे. हे वाडीतल्या कुणाकडेच नाही. हा फरक लेखक बोलून दाखवत नाही, पण सगळं पुस्तक त्याच्यावर उभं आहे. मास्तर हा शेवटपर्यंत वाटसरू राहतो. त्याला गावात जिरवून टाकायचा मोह अनावर होता; अंजीशी लग्न, कारभाऱ्याची जागा, काहीही करता आलं असतं. ते न केल्याने ‘बनगरवाडी’ भाबडी होण्यापासून वाचली. शिकलेला माणूस खेड्यावर माया करतो आणि तरीही खेड्याचा होत नाही, याची इतकी प्रामाणिक कबुली मराठी ग्रामीण लेखनात मला दुसरीकडे फारशी सापडत नाही. पुढे आलेल्या मोठमोठ्या कादंबऱ्यांनी शिकलेल्या माणसाला एकतर गावाचा तारणहार केला नाहीतर गुन्हेगार.

1995 साली अमोल पालेकरांनी या कादंबरीवर चित्रपट काढला. चांगला आहे, माळ त्यात देखणा दिसतो. कदाचित जरा जास्तच देखणा. पडद्यावर माळ एका नजरेत दिसतो, आणि पुस्तकाचं सगळं बळ तो एका नजरेत न दिसण्यात आहे. पानामागून पान तुडवावं लागतं, तेव्हा कुठे क्षितिजावर काहीतरी हलतं, आणि ते जवळ आल्यावर कळतं की मेंढरं आहेत.

आता परिस्थिती बदलली आहे. माण-खटावकडे उरमोडीचं पाणी आलं, जिहे-कठापूरचं आलं, आटपाडीकडे टेंभूचं. जिथे मेंढरं चरत होती तिथे डाळिंब आहे, काही ठिकाणी चक्क ऊस आहे. बनगरवाडीतली पेरणीची घाई ठिबकवर शेती करणाऱ्या पोराला समजावून सांगावी लागेल असे दिवस काही गावांत आले आहेत; काही गावांत अजून मे महिन्यात टँकरच येतो. म्हणून पुस्तक जुनं झालं का? दुष्काळापुरतं वाचलं तर होईलही. पण गाव सोडून जाणारा आणि गावात येऊन जाणारा, ही दोन माणसं आमच्या प्रत्येक वाडीत अजून आहेत, आणि त्या दोघांमधलं अंतर माडगूळकरांइतकं कुणी मोजलेलं नाही.

पुस्तक दीडशे पानांच्या आतलं आहे, दोन बैठकांत संपतं. ज्यांनी ते शाळेत उताऱ्यापुरतं वाचून सोडून दिलं, त्यांनी पुन्हा हाती घ्यावं, आणि जमलं तर दहिवडी-म्हसवडच्या रस्त्याने ऐन वैशाखात एकदा जाऊन यावं. कुठल्याही फाट्यावर उतरा आणि वाडीपर्यंत चालत जा. वाटेत पाणी विचाराल तर मिळेल. आमच्याकडे पाणी कमी असलं तरी अजून कुणी नाही म्हणत नाही.